चेक इंजिनचा दिवा सारखा लागतोय? सेन्सर बदलायच्या आधी हे वाचा

गेल्या पावसाळ्यापासून माझ्या गाडीचं एकच रडगाणं चालू होतं. २०११ची पेट्रोल हॅचबॅक, लाखभर किलोमीटर झालेत, एरवी काही त्रास नाही. पण फोंडा घाट चढायला घेतला की दाजीपूरच्या अलीकडे कुठेतरी दोन-तीन धक्के द्यायची, काचा उघड्या असल्या तर पेट्रोलचा वास यायचा आणि मग डॅशबोर्डवर तो पिवळा इंजिनचा दिवा. वर पोचून गाडी बंद करून चालू केली की धक्के गायब, दिवा मात्र तसाच. मग राधानगरी, कोल्हापूर, परत कणकवली, आचरा, सगळीकडे दिवा घेऊन फिरायचं, दोन-तीन दिवसांनी तो आपला आपण विझायचा आणि पुढच्या घाटाला परत हजर.

तीन ठिकाणी दाखवली. पहिल्याने थ्रॉटल बॉडी साफ करून दिली. दुसऱ्याने स्कॅनर लावला, म्हणाला कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) टेंपरेचर सेन्सर गेलाय, तो कोल्हापूरहून मागवून घातला, १४०० रुपये आणि वर मजुरी, दहाव्या दिवशी दिवा परत. तिसऱ्याने तर सरळ ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला म्हणून सांगितलं, जुना मिळाला तर १८ हजार. मी कुणाला नावं ठेवत नाहीये, कारण कोडमध्ये, म्हणजे स्कॅनरवर दिसणाऱ्या दोषाच्या नंबरमध्ये, ज्या सेन्सरचं नाव आलं तो बदलायचा, कोड उडवायचा आणि गाडी द्यायची हीच पद्धत सगळीकडे आहे, गिऱ्हाईकालाही घाई असते. पण कोड सेन्सर खराब आहे असं म्हणतच नाही हो. तो म्हणतो की या सेन्सरच्या सर्किटमधून जो आकडा येतोय तो मला पटत नाही. त्या सर्किटमध्ये सेन्सर आला, दोन-तीन वायरी आल्या, कपलर (वायरीच्या टोकाचा खोबणीचा जोड) आला, अर्थ (अर्थिंगची, बॅटरीच्या मायनसकडे जाणारी वायर) आला. आणि आपल्याकडे, म्हणजे समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, सहसा सेन्सरच्या आधी बाकीचं सडतं.

तर हे सगळं स्वतः कसं शोधायचं ते सांगतो. आधी एक, तुमची गाडी मेकॅनिकल पंपाची जुनी डिझेल जीप असेल तर हे वाचून उपयोग नाही, तिला ना ईसीएम ना कोड, सुखी आहात.

चावी ऑन करा, गाडी स्टार्ट करू नका. पिवळा दिवा लागलाच पाहिजे आणि स्टार्ट केल्यावर विझला पाहिजे. चावी ऑन केल्यावर लागतच नसेल तर एकतर बल्ब गेलाय नाहीतर कुणीतरी मुद्दाम काढलाय किंवा मागून काळी टेप लावलीय. जुनी गाडी घेताना हे पहिलं बघा, विकणारे करतात असले उद्योग. आणि लाल तेलाच्या किटलीचा दिवा वेगळा बरं का, तो चालत्या गाडीत लागला तर तिथल्या तिथे बंद करायची. पिवळा स्थिर लागला तर सावकाश घरी जाता येतं. पिवळा लुकलुकायला लागला तर मात्र मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) चालू आहे, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो महागडा डबा भाजून निघतो, म्हणून पाय काढा आणि बाजूला घ्या.

आता कोड वाचायचं सॉकेट. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, १६ पिनचं समलंब आकाराचं सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ पासून नव्या कारना ओबीडी-२ (गाडीने आपले दोष आपण टिपून ठेवायची ठरलेली पद्धत) सक्तीचं आहे, आपल्याकडे ते बीएस-४ या प्रदूषणाच्या नियमांबरोबर टप्प्याटप्प्याने आलं आणि ओबीडी-२ म्हणून २०१३ च्या एप्रिलपासून. त्याच्या आधीच्या गाड्यांत सॉकेट तेच दिसतं पण आतली भाषा कंपनीची स्वतःची असू शकते. म्हणजे १६ पिनचं सॉकेट आहे म्हणून कुठलाही अडॅप्टर बोलेलच असं नाही. सॉकेटमध्ये १६ नंबरच्या पिनला बॅटरीचे १२ व्होल्ट कायम असतात, ४ आणि ५ अर्थ, ६ आणि १४ वर कॅन, ७ वर के-लाइन, या दोन आकडे यायच्या वाटा. माझ्या गाडीत ६ आणि १४ ची जागा रिकामीच होती, मग के-लाइन. ती हळू असते, आकडे एकेक करून येतात, फोनवरची सुई उड्या मारत फिरते, घाबरायचं नाही. अ‍ॅपमध्ये प्रोटोकॉल ऑटोवर ठेवून कनेक्ट होत नसेल तर केडब्ल्यूपी (के-लाइनवरची भाषा) हाताने निवडून बघा, माझी तशीच झाली.

अडॅप्टर म्हणजे तो ईएलएम३२७ नावाचा निळा-काळा ठोकळा, ब्लूटूथवाला. पाचशे ते हजारात मिळतो. ज्याच्यावर व्हर्जन २.१ लिहिलेलं असतं ते बहुतेक क्लोन, काही कमांड त्यांना कळतच नाहीत, १.५ वाला मिळाला तर बरा. पेअरिंगचा पिन १२३४. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला चालत नाही, वायफायचा किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाला घ्या. अ‍ॅप टॉर्क किंवा कार स्कॅनर, फुकटातलं पुरतं. आणि काम झालं की ठोकळा काढून ठेवा, १६ नंबरला कायम करंट असतो म्हणून तो बॅटरी पीत राहतो. गणपतीनंतर गावची गाडी तशीच लावून मुंबईला गेलात तर शिमग्याला धक्का मारायला माणसं जमवावी लागतील.

कोड वाचणं सोपं आहे. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, बी बॉडी, सी चासी, यू म्हणजे आतल्या कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं. पुढचा आकडा ० असला तर सगळ्या कंपन्यांचा सामाईक कोड, १ असला तर कंपनीचा खासगी, त्याचा अर्थ त्याच कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघायचा, नेटवर दुसऱ्या गाडीचा अर्थ वाचून फसू नका. त्याच्या पुढचा आकडा विभाग सांगतो, १ आणि २ हवा-पेट्रोल, ३ ठिणगी आणि मिसफायर, ४ धूर, ५ स्पीड आणि आयडलिंग, ६ कॉम्प्युटर, ७ गिअरबॉक्स. म्हणजे पी०३०२ म्हटलं की दोन नंबरचा सिलिंडर मिस मारतोय. शेवटी इंग्रजीत वर्णन येतं त्यात सर्किट हाय, सर्किट लो, परफॉर्मन्स असले शब्द असतात. लोक सेन्सरचं नाव वाचतात आणि हा शब्द सोडून देतात. खरी गंमत त्या हाय आणि लो मध्ये आहे.

कोड दिसला की लगेच उडवू नका. आधी फोटो काढा. मग फ्रीझ फ्रेम नावाचा एक भाग असतो तो उघडा, दिवा लागायच्या क्षणी गाडी काय करत होती ते ईसीएमने तिथे टिपून ठेवलेलं असतं, आणि कोड उडवला की तेही जातं. माझ्या तिन्ही मेकॅनिकनी कोड उडवला पण हे पान कुणी बघितलं नाही. मी बघितलं तेव्हा तिथे होतं: स्पीड २२, आरपीएम ३१००, लोड ८८ टक्के, कूलंट टेंपरेचर उणे ४०.

उणे चाळीस! फोंडा घाटात, पहिल्या गिअरमध्ये, समोर उसाचा ट्रक, आणि माझ्या गाडीला वाटतंय आपण सैबेरियात आहोत. मागे वळून आठवलं तर त्या वेळी रेडिएटरचा फॅन पण फुल स्पीडने सुटायचा आणि बंदच व्हायचा नाही. ते पण बरोबर आहे, टेंपरेचर कळेनासं झालं की बऱ्याच गाड्यांत ईसीएम सावधगिरी म्हणून फॅन चालू करून टाकतो. आणि इंजिन एवढं थंड आहे म्हटल्यावर पेट्रोल जास्त सोडतो, त्याचाच वास.

उणे ४० का? टेंपरेचरचा सेन्सर म्हणजे एक रेझिस्टन्स असतो जो गरम झाला की कमी होतो आणि गार झाला की वाढतो. २० डिग्रीला साधारण दोन-अडीच किलोओहम, ९० डिग्रीला दोन-तीनशे ओहम. ईसीएम एका वायरीने ५ व्होल्ट देतो, सेन्सरमधून ते अर्थला जातात, मधे जो व्होल्टेज राहतो त्यावरून तो तापमान काढतो. वायर तुटली, कपलर निघाला किंवा अर्थ सुटला तर करंट वाहतच नाही, व्होल्टेज पूर्ण ५ वर जाऊन बसतो, आणि ईसीएमच्या हिशोबात तेवढा रेझिस्टन्स म्हणजे मरणाची थंडी. म्हणून सर्किट हाय. उलट शॉर्ट झाला तर सर्किट लो, आणि तापमान दीडशेच्या घरात दिसतं. एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

मला मिळालेले कोड तीन होते. पी०११८ कूलंट टेंपरेचर हाय. पी०११३ आत जाणाऱ्या हवेचं टेंपरेचर हाय. पी०१०८ मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब) हाय. ज्याने कूलंटचा सेन्सर बदलला त्याने पहिल्याच कोडचं ऐकलं आणि बाकीचे दोन घाटातले कायतरी म्हणून सोडून दिले. मीही तेच केलं असतं. पण आमच्याकडे तिठ्यावर एक जुने वायरमन काका आहेत, साठी उलटलेली, अँबॅसॅडरच्या डायनॅमोपासून सगळं बांधलेलं, त्यांना फोनवरचा फोटो दाखवला. चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, “सेन्सराक काय झाला नाय रे. तीन सेन्सर एकाच दिवशी कसे मरतले? अर्थ बघ आधी.”

झालं! तीन वेगळ्या कामाचे सेन्सर, तिघांचीही तक्रार हाय. तिघांत सामाईक काय तर अर्थची वायर. ईसीएमकडून सेन्सरांसाठी अर्थची एक वेगळी वायर निघते, ती पुढे वायरिंगच्या आत फुटून प्रत्येक सेन्सरला जाते. ती जिथे फुटते तिथे जोड असतो, कंपनीतूनच दाबलेला, वरून टेप, त्यावर ती काळी नालीदार नळी. दिसत कुठूनच नाही.

हे तपासायला मल्टिमीटर लागतो, चारशेवाला चालतो. एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खांबाला, टर्मिनलच्या पट्टीला नाही, खांबालाच. दुसऱ्या टोकाला पातळ टाचणी लावून सेन्सरच्या कपलरमध्ये मागून अर्थच्या वायरीशेजारी सरकवायची, कपलर जोडलेलाच ठेवून. अर्थची कुठली ते कळत नसेल तर दोनापैकी ज्याच्यात चावी ऑन असताना शून्याच्या जवळ येतं ती. गाडी चालू ठेवून व्होल्ट बघायचे. ०.१ च्या आत पाहिजे. माझ्याकडे ०.०३ आलं. म्हणजे एकदम छान, काही दोष नाही, मी जवळजवळ नाद सोडला होता.

पण काका म्हणाले की इथे अंगणात उभी आहे म्हणून छान आहे, घाटात इंजिन मान टाकतं. खरंच आहे ते, खालच्या गिअरमध्ये जोर लावला की इंजिन माउंटिंगवर एका बाजूला कलतं, चांगलं इंचभर, आणि त्याच्याबरोबर वायरिंग ओढलं जातं. माझे माउंटिंग रबर पण पंधरा वर्षांचे झालेत. म्हणून टाचणी तशीच ठेवून आम्ही वायरिंग हलवायला घेतलं, बॅटरीच्या बाजूने सुरू करून वीतभर वीतभर पुढे, मी हलवतोय आणि काका मीटर बघतायत. बॅटरी ट्रेच्या मागे, जिथे वायरिंग थर्मोस्टॅटकडे वळतं तिथे हात लावला आणि मीटर ०.०३ वरून थेट ४.६. सोडलं की परत ०.०३. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. फोनवर बाजूला लाइव्ह डेटा (सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे) लावला होता त्यात कूलंट ८७ चं उणे ४० आणि परत ८७, आणि फॅनने सूं करून उत्तर दिलं. मला तर नाचावंसं वाटलं.

चावी काढली, बॅटरीचं मायनस काढलं, नळी फाडली, टेप सोडवली. टेपच्या आत ओलसर. जोडाच्या जागी तांबं नव्हतंच म्हणा, हिरवी-निळी भुकटी होती, तांब्या-पितळेच्या भांड्याला कळंक येतो अगदी तो रंग, आणि त्यात तीन-चार तारा कशाबशा टेकलेल्या. घरी सांगितलं तर आई म्हणाली आमसुलाने घास, लख्ख होईल. तिचंही बरोबर, तांब्याचा बंब तसाच घासतो आपण, पण वायरीवर आंबट काही लावू नका, ते आत शोषलं जातं आणि सहा महिन्यांनी पुढची वायर खातं. त्याच कारणाने रॉकेल नको, आणि पाण्याचा फवारा तर नकोच नको.

दुरुस्ती अशी. हिरवी झालेली वायर नुसती घासून परत जोडायची नाही, दोन्ही बाजूंनी कापत जायचं जोवर आत लालभडक चकचकीत तांबं दिसत नाही तोवर. माझ्याकडे एका बाजूला चार बोटं कापावी लागली, कळंक इन्सुलेशनच्या आतून तेवढा वर चढला होता. मग त्याच जाडीचा नवीन तुकडा घालून दाबून जोड, त्यावर सोल्डर, त्यावर आतून गोंद सुटतो ती हीट श्रिंक स्लीव्ह, साधी नाही, गोंदवालीच, कारण साध्या स्लीव्हमध्ये खारी हवा दोन पावसाळ्यांत आत जाते. मग टेप, मग नळी, आणि वायरिंगला थोडी ढील देऊन क्लिप दुसऱ्या जागी मारली म्हणजे इंजिन कललं तरी ओढ बसणार नाही. सामान सगळं मिळून दीडशे रुपये. काकांनी दोनशे घेतले, ते पण नको नको म्हणत.

आता तुमच्याकडे एकच कोड असेल आणि तो टेंपरेचरच्या दोन वायरीवाल्या सेन्सरचा असेल तर मीटर नसतानाही एक सोपी तपासणी आहे. लाइव्ह डेटा लावा, कपलर काढा, उणे ४० आलं पाहिजे. मग कपलरच्या दोन पिनांना वायरीच्या छोट्या तुकड्याने जोडा, आकडा एकदम वर गेला पाहिजे. दोन्ही झालं म्हणजे वायरिंग आणि ईसीएम शुद्ध, सेन्सरच गेलाय, खुशाल बदला. आकडा हललाच नाही तर वायर शोधा. तीन वायरीवाल्या सेन्सरला हे अजिबात करू नका, त्यात एक वायर सरळ ५ व्होल्टची असते.

अजून एक, जे मला फार आवडतं. रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी स्टार्ट करायच्या आधी चावी ऑन करून कूलंट आणि हवा, दोन्ही टेंपरेचर बघा. दोन्ही जवळजवळ सारखी आणि बाहेरच्या हवेएवढी पाहिजेत, आपल्याकडे पावसाळ्यात २५-२६ वगैरे. एकात दहा-पंधरा डिग्रीचा फरक असेल तर तो सेन्सर खोटं बोलतोय, कोड आला नसला तरी. आणि इंजिन बंद, चावी ऑन असताना मॅनिफोल्ड प्रेशर म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब. मालवणच्या किनाऱ्यावर तो १०० किलोपास्कलच्या आसपास दिसला पाहिजे, आंबोलीला वर गेलात तर ९३ च्या आसपास. आंबोलीतही १०० दाखवत असेल तर सेन्सर झोपलाय.

आपल्या भागात वारंवार भेटणारे बाकीचे कोड भराभर सांगतो. पी०५०० स्पीड सेन्सर, गुडघाभर पाण्यातून गाडी काढल्यावर येतो, गिअरबॉक्सवरचा कपलर उघडून सुकवा. पी०५६२ व्होल्टेज कमी, बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी बघा, मग अल्टरनेटर. पी०१३५ ऑक्सिजन सेन्सरचा हीटर, सेन्सर महाग आहे म्हणून आधी फ्यूज बघा, तो पण हिरवा होतो. पी०१७१ म्हणजे हवा जास्त, एअर फिल्टरच्या पुढची रबर नळी चिरलीय का बघा. पी०३०० पहिल्या पावसात, प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलंय का. पी०४२० आला की लोक कन्व्हर्टर बदलायला निघतात, आधी सायलेन्सर गंजून भोक पडलंय का बघा, खाऱ्या हवेत पडतंच. आणि नेटवर अमेरिकन लोक प्रत्येक वेळी पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट करा म्हणून सांगतात, ते त्यांच्या गाड्यांना लागू, आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत टाकीच्या वाफेची गळती तपासणारी भानगड सहसा नसतेच.

उंदरांचं विसरलोच. गाडी पडवीत किंवा फणसाखाली पंधरा दिवस उभी राहिली आणि नंतर अचानक चार-पाच कोड एकदम आले तर स्कॅनर बाजूला ठेवून टॉर्च घ्या आणि बोनेट उघडा. इंजिनवर सुपारीची टरफलं किंवा वाळलेलं गवत दिसलं की समजून जायचं.

२००० च्या पुढेमागे आलेल्या सुरुवातीच्या एमपीएफआय (कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोल इंजेक्टर आलेल्या) गाड्यांसाठी वेगळं सांगतो. त्यांत ठोकळा चालत नाही बहुधा, पण जुन्या सुझुकी इंजिनांत दिवाच कोड बोलतो. एक छोटा मोकळा कपलर असतो, त्यातली डायग्नोसिसची पिन अर्थच्या पिनेला वायरीने जोडायची, चावी ऑन, की पिवळा दिवा लुकलुकायला लागतो. एकदा लुकलुक, थोडं थांबून दोनदा, म्हणजे १२. प्रत्येक कोड तीनदा येतो मग पुढचा. १३ ऑक्सिजन सेन्सर, १४ आणि १५ कूलंट टेंपरेचर, २१ आणि २२ थ्रॉटल पोझिशन, २४ स्पीड, ३१ आणि ३२ प्रेशर. आणि १२ म्हणजे सगळं ठीक! एरवी बारा वाजले म्हणजे वाट लागली, इथे उलटं. फक्त कपलरची जागा आणि पिना मॉडेलप्रमाणे बदलतात, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघूनच वायर घाला, अंदाजाने नको. आणि दिवसा उन्हात मोजता येत नाही, फोनवर व्हिडिओ काढून मग सावकाश मोजा.

कोड कधी उडवायचा? दुरुस्ती झाल्यावर, आणि खरं म्हणजे उडवायची गरजही नसते. ओबीडी-२ मध्ये लागोपाठ तीन फेऱ्या दोष दिसला नाही तर दिवा स्वतःच विझतो, आणि इंजिन गरम होण्याच्या ४० फेऱ्यांनंतर कोडही पुसला जातो. म्हणूनच माझा दिवा दोन-तीन दिवसांनी जायचा, मी उगाच देवाला श्रेय देत होतो. बॅटरीचं टर्मिनल काढून दिवा घालवणं सगळ्यात वाईट, आयडलिंगचं शिकलेलं पण जातं, गाडी दोन दिवस सिग्नलला बंद पडते आणि मग तो नवीनच प्रॉब्लेम वाटतो. उलट जुनी गाडी विकत घेत असाल तर अ‍ॅपमध्ये ‘कोड उडवल्यापासूनचं अंतर’ असा एक आकडा काही गाड्यांत मिळतो तो बघा. गाडी ऐंशी हजार चाललीय आणि तिथे ६ किलोमीटर दिसतंय तर मालकाला हसून चहा मागा आणि निघा.

दुरुस्तीनंतर फोंडा घाट सहा वेळा चढलो, त्यातला एकदा भर पावसात सामान आणि चार माणसं घेऊन. सहाही वेळा बाजूला बसलेल्याच्या हातात फोन देऊन कूलंटचा आकडा बघायला लावला, ८८, ९१, ९०, कुठेही बुडी नाही. तो काढून टाकलेला जुना सेन्सर माझ्याकडेच होता. परवा मीटरला लावून बघितला, १.८ किलोओहम. मग चहाच्या टोपात पाणी उकळून त्यात धरला, हळूहळू उतरत १९० ओहमवर आला, अगदी पुस्तकात असतो तसा. आई टोप परत वापरायला तयार नाही. सेन्सर गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलाय.